काचेचा मणी घरी घडवताना: कांडीपासून माळेपर्यंत

मणी घडवणाऱ्याच्या हातात कुणी नवा मणी ठेवला, तर तो रंगाआधी भोक बघतो. भोकाच्या दोन्ही तोंडांशी काच गोलसर आत वळली आहे का, कड बोटाला लागते का, आत पांढरा लेप उरला आहे का, हे त्याला आधी हवं असतं. मणी शेवटी दोऱ्यात जायचा असतो. धारदार तोंडाचा मणी कितीही देखणा असला तरी दोरा झिजवून कापतो. नीट न निववलेला मणी तर एखाद्या दिवशी डबीत पडल्यापडल्याच तडकतो. म्हणून या लेखात नक्षीपेक्षा तोंड आणि निववणं या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे. ठिपके आणि रेघा हात बसला की जमतात. या दोन सवयी पहिल्या मण्यापासून लागल्या नाहीत, तर पुढे लावून घेणं जड जातं.

काचेचे मणी दोन मुख्य रीतींनी होतात. एका रीतीत काचेची पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करतात. आंध्र प्रदेशातल्या पापानायडुपेटला ही पद्धत परंपरेने चालत आली आहे. दुसऱ्या रीतीत वितळलेली काच सळईभोवती गुंडाळतात, आणि ज्योतीवर असे मणी घडवणारे कारागीर उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला भेटतात. आपल्या काळ्या पोतीतले बारीक मणी पहिल्या जातीचे, नळीचे. ‘मंगळसूत्राचे मणी घरी करता येतील का?’ असं कुणी विचारलं तर माझं उत्तर स्पष्ट असतं: ते बारीक मणी नाही, पण अधूनमधून ओवायचे मोठे काळे मणी खुशाल करा.

महाराष्ट्राचं काचेशी नातं जुनं आहे. तेर, नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी सापडले आहेत. ब्रह्मपुरीचं उत्खनन १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलं, आणि पुढे दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर मोठं काम केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या पैशापैशातून उभा राहिलेला तळेगावचा पैसाफंड काच कारखाना आणि प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचलेली ओगलेवाडी ही नावं तर अजून पुष्कळांच्या आठवणीत आहेत. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मण्यांपाशी थोडं थांबा. आता आपण करणार आहोत तेच काम त्या लोकांनी कोळशाच्या धगीवर केलं होतं.

कोणती काच घ्यायची

ज्योतीवरच्या कामासाठी काचेच्या कांड्या मिळतात, साधारण ५-६ मिलिमीटर जाडीच्या. सुरुवातीला मऊ काचच घ्या, म्हणजे सोडा-चुन्याची. इटलीतल्या मुरानोच्या कांड्या जगभर वापरल्या जातात आणि त्यांच्यावर १०४ हा आकडा असतो. हा आकडा प्रसरणाचा आहे. एक कोटी मिलिमीटर लांबीची कांडी एक अंश सेल्सिअसने तापवली, तर ती सुमारे १०४ मिलिमीटर वाढेल, असा त्याचा अर्थ. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा हाच आकडा ३३ आहे. या दोन काचा एका मण्यात आल्या तर निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी फुटतो. ९० आणि ९६ आकड्यांच्या काचाही बाजारात असतात. त्याही १०४ मध्ये मिसळायच्या नाहीत.

फिरोजाबादकडच्या कांड्या स्वस्त पडतात आणि सरावाला उत्तम असतात, पण त्यांच्यावर बहुधा आकडा लिहिलेला नसतो. अशा वेळी धाग्याची परीक्षा करा. दोन्ही कांड्यांची टोकं तापवून एकमेकींना शेजारी-शेजारी चिकटवा, नीट तापवून ज्योतीबाहेर काढा आणि सावकाश ओढून बारीक धागा काढा. निवल्यावर धागा सरळ राहिला तर दोन्ही काचांचं जमतं. कमानीसारखा वाकला तर जमत नाही. कमानीच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसणारी असते. पाच मिनिटांची ही परीक्षा न करता अनोळखी काच कधीही मिसळू नका.

बाटल्यांची काच, खिडकीची काच, वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे यांनाही हाच नियम. लहानपणी पुष्कळांनी बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवले असतील आणि एकात एक अडकवून साखळी केली असेल. काच बर्फासारखी एकदम वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते, हे त्या खेळात हाताला आपोआप कळतं. बांगडीच्या काचेचा मणी करायचा असेल तर एका मण्यात एकाच बांगडीची काच वापरा.

रंगांबद्दल सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवा. निळा बहुधा कोबाल्टमुळे येतो, फिरोजी तांब्यामुळे, जांभळा मँगनीजमुळे. पुष्कळ काळ्या कांड्या खरं तर अतिशय गडद जांभळ्या असतात, बारीक धागा ओढला की खरा रंग दिसतो. काळ्या रेघेची नक्षी करताना ती फार पातळ झाली तर जांभळी दिसेल. हस्तिदंती आणि फिरोजी काच एकमेकींना टेकल्या की मध्ये काळसर रेघ उमटते. एकीतलं गंधक आणि दुसरीतलं तांबं यांचा तो परिणाम. मला ती रेघ फार आवडते आणि मी ती मुद्दाम आणते. पिवळ्या, केशरी आणि लाल कांड्यांत कॅडमियम किंवा सेलेनियम असू शकतं, म्हणून त्या उकळेपर्यंत तापवायच्या नाहीत आणि हवा खेळती हवीच.

जागा, गॅस, कपडे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी पूर्ण वाचा.

काम सिमेंट-फरशीच्या खोलीत किंवा शेडमध्ये करा. टेबलावर पत्रा किंवा सिमेंटचा बोर्ड हवा, आसपास पडदे, कागद, थिनर काही नको. बंदिस्त खोलीत कार्बन मोनॉक्साईड साचतो आणि त्याला वास नसतो. नुसती खिडकी उघडी ठेवून भागत नाही. ज्योतीच्या मागे एक्झॉस्ट पंखा आणि तुमच्या पाठीमागून ताजी हवा यायला वाट, अशी सोय करा, म्हणजे धूर तुमच्या नाकावरून न जाता पुढे ओढला जातो. छताचा पंखा मात्र बंद ठेवा, तो ज्योत हलवतो. फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम करू नये असं माझं मत आहे. वारा, वरच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आणि शेजाऱ्यांची काळजी या तिन्ही गोष्टी तिथे विरोधात जातात.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. तळघरात किंवा खोलगट जागेत सिलिंडर नको. तो उभाच ठेवा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, हे रोज बघा. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो, या कामाला तो नियमाने चालत नाही. व्यावसायिक जोडणी घ्या आणि सोसायटीत राहत असाल तर आधी विचारा.

टॉर्च म्हणजे ज्योत देणारा गॅसचा बर्नर. तो दोन प्रकारचा. एक नुसत्या गॅसवर चालणारा, बाहेरची हवा ओढून घेणारा. याने काम सावकाश होतं, काच तापायला वेळ लागतो, पण शिकताना हा संथपणा उपयोगीच पडतो. दुसरा गॅस आणि ऑक्सिजन दोन्हीवर चालणारा, जास्त धगीचा. छोट्या टॉर्चला मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, पुरतो, सिलिंडरची ने-आण वाचते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, नळीला किंवा हाताला तेल-ग्रीस कधीही लागू देऊ नका, त्याने भडका उडतो. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर बसवून घ्या. गॅस वेल्डिंगचं सामान विकणारे दुकानदार हे नेमकं जाणतात. तुमच्या टॉर्चला किती दाबाचा रेग्युलेटर लागेल हे त्यांच्याकडून बसवून, तपासूनच घ्या.

कपडे सुती. नायलॉनची ओढणी, सिंथेटिक साडीचा पदर, लोंबती बाही नको. केस बांधलेले, पायात बंद चपला किंवा बूट. डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे पिवळी झगमग उठते आणि काम दिसेनासं होतं. हा चष्मा तो पिवळा प्रकाश, म्हणजे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, अडवतो आणि उडणाऱ्या कणापासूनही डोळा वाचवतो. साध्या गॉगलने हे होत नाही. हाताशी अग्निशामक, वाळूची बादली आणि भाजल्यावर लगेच धरायला गार पाण्याचा नळ असू द्या. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

सळई आणि लेप

मणी ज्या पोलादी सळईवर गुंडाळायचा ती स्टेनलेस स्टीलची असते, साधारण २२-२५ सेंटिमीटर लांब. जाडी १.६ मिलिमीटर घेतली तर कानातल्यांच्या बारीक मण्यांना भोक बेताचं येतं, २.४ मिलिमीटरची घेतली तर दोरा आरामात जातो. पहिल्यांदा २.४ घ्या. बारीक सळई तापली की वाकते.

उघड्या पोलादावर काच कायमची चिकटून बसते. म्हणून सळईला चिनी माती आणि अ‍ॅल्युमिना यांचा पाण्यातला लेप देतात. तो तयार मिळतो. ढवळून दाटपणा ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ असा आणा. सळई आधी बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा, तेलकट असेल तर लेप धरत नाही. मग सरळ खाली बुडवा, सरळ वर काढा, साधारण पाच-सहा सेंटिमीटर लेप लागला पाहिजे. वाळूने भरलेल्या डब्यात लेपाचं टोक वर करून उभ्या खोचून रात्रभर वाळू द्या. वाळल्यावर लेपात फुगा, भेग किंवा घट्ट ओघळ दिसला तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावा. लेपाची कड जिथे खडबडीत, तिथेच मण्याचं तोंड खडबडीत येणार.

कांडी ज्योतीत

कांडी एकदम ज्योतीत घातली तर तडकून तिचे तुकडे उडतात. टोक आधी ज्योतीच्या शेवटच्या, दूरच्या भागातून ये-जा करवत आणा. टोक केशरी झालं की पुढे सरका. उरलेली कांडी थंड असते, तिला तापवायची घाई करू नका. टोक तुटलंच तर टेबलावरच्या पत्र्यावर पडू द्या, हाताने झेलू नका.

कांडी हाताच्या बोटांत सतत फिरत राहिली पाहिजे. टोकाला गोळा जमायला लागतो. तो हरभऱ्याएवढा झाला की दुसऱ्या हातातली सळई ज्योतीत आणून लेपाचा भाग लालसर होईपर्यंत तापवा. थंड लेपावर काच नीट धरत नाही आणि नंतर मणी सळईवर गरगर फिरू लागतो.

आता कांडीचा गोळा ज्योतीत राहील आणि सळई ज्योतीच्या किंचित मागे, खालच्या बाजूला, अशी धरा. गोळा लेपाला टेकवा आणि सळई स्वतःपासून दूर फिरवत राहा, काच तिच्यावर स्वतःहून ओघळत बसते. ढकलू नका. पूर्ण फेरा झाला की कांडी थोडी दूर ओढा, मधला काचेचा धागा ज्योतीत आणा, तो जळून तुटतो. अजून काच हवी असेल तर पहिल्या फेऱ्यावरच चढवा, शेजारी नको. हे ‘वर चढवा, शेजारी नको’ पुढच्या भागासाठी महत्त्वाचं आहे.

मग सळई अगदी आडवी धरून ज्योतीत सतत फिरवा. वितळलेल्या काचेला गोल व्हायचंच असतं, पृष्ठताण तिला गोल करतो. तुम्ही फक्त गुरुत्वाकर्षण एका बाजूला जास्त वेळ लागू देऊ नका. मणी एकीकडे कलला तर जड बाजू वर आणून क्षणभर थांबा, खाली ओघळायला लागली की पुन्हा फिरवा. ग्राफाइटच्या पाटीवर हलकेच फिरवून दंडगोल किंवा शंकू करता येतो, पण पहिले पुष्कळ मणी नुसते गोलच करा. गोल आला की बाकीचे आकार त्यातूनच येतात.

तोंड कसं आत वळवायचं

चांगल्या मण्याच्या दोन्ही तोंडांशी छोटी खळी असते. ती पिळून किंवा दाबून येत नाही. सळईवर काच जेवढ्या रुंदीत टेकली आहे, तिच्या मानाने वर पुरेशी काच असेल तर वितळलेली असतानाच पृष्ठताणाने कडा आपोआप आत ओढल्या जातात. म्हणजे पाया अरुंद, काच भरपूर. नवशिक्या हाताने नेमकं उलट होतं: काच सळईवर पसरत जाते, टोकांना पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो निवल्यावर सुईसारखी धार धरतो.

पापुद्रा झालाच तर पुन्हा पसरवू नका. मणी पूर्ण तापवून कडेची काच मध्याकडे जमते का बघा. नाहीच जमली तर मध्यावर आणखी एक फेरा चढवा, वाढलेल्या काचेबरोबर कड ओढली जाते. मणी मोठा होईल, होऊ द्या. आणि प्रत्येक मण्याचं तोंड, भट्टीत टाकण्याआधी, ज्योतीपासून दूर धरून उजेडात बघा. दोन्ही बाजूंनी. ही एक नजर मी कधीच टाळत नाही.

ठिपके, रेघा

नक्षीसाठी बारीक काडी ओढावी लागते. कांडीच्या टोकाला गोळा करा, ज्योतीबाहेर काढा, थोडं थांबा, मग चिमट्याने टोक धरून आधी सावकाश, नंतर थोडं जोरात ओढा. लगेच ओढलीत तर केसासारखी होते, फार थांबलात तर ओढलीच जात नाही. एक-दोन मिलिमीटरची काडी हवी.

ठिपका देताना मणी ज्योतीच्या खाली, नुसता ऊब लागेल असा ठेवा आणि काडीचं टोक ज्योतीच्या कडेला तापवा. टोक टेकवा, किंचित दाबा, ज्योतीने तोडा. पहिला ठिपका, बरोबर त्याच्या समोर दुसरा, मग दोघांच्या मध्ये एकेक. असं केलं की अंतर चुकत नाही. सगळे ठिपके देऊन झाल्यावरच त्यांना वितळवून सपाट करा. पांढऱ्या ठिपक्यावर रंगीत आणि त्यावर पारदर्शक ठिपका दिला की तो भिंगासारखा खालचा रंग मोठा दाखवतो.

ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला तर फिरोजी आणि हिरव्या काचेवर विटकरी, धातूसारखा थर येतो. तो हवा नसेल तर ऑक्सिजन थोडा वाढवा किंवा मणी टॉर्चपासून जरा लांब धरा.

निववणं

मण्याची बाहेरची काच आधी निवून घट्ट होते, आतली नंतर. आतली आकसायला बघते, तोवर बाहेरचं कवच आपल्या जागी पक्कं झालेलं असतं. या ओढाताणीने काचेत ताण अडकून राहतो. मणी दिसायला छान असतो, आणि मग एखाद्या थंड सकाळी किंवा फरशीवर हलकासा आपटल्यावर दोन तुकडे होतात. ताण काढायचा उपाय एकच: सगळी काच आतबाहेर एकाच तापमानाला आणून, तिथे थांबवून, सावकाश खाली आणणं.

१०४ काचेसाठी तापमान आकड्यांत दाखवणारी छोटी विजेची भट्टी ५१० ते ५२० अंशांवर ठेवा. मणी पुरा झाला की ज्योतीपासून बाजूला फिरवत राहा. केशरी चमक गेली, काच घट्ट झाली की सळईसकट भट्टीत. चमक असताना टाकलात तर मण्यावर भट्टीच्या तळाची किंवा शेजारच्या मण्याची छाप बसते. फार वेळ बाहेर राहिला तर तिथेच तडकतो. शेवटचा मणी आत गेल्यावर त्याच तापमानावर साधारण तासभर ठेवा, मग सुमारे अडीच तासांत ३७० अंशांपर्यंत आणा, आणि भट्टी बंद करा. दार उघडू नका. रात्री बंद केली तर सकाळी मणी काढा. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या मण्यांना दोन्ही टप्प्यांत जास्त वेळ द्या.

भट्टी घेणं परवडत नसेल तर मणी आधी सिरॅमिक फायबरच्या (धग सोसणाऱ्या लोकरीसारख्या पट्टीच्या) दोन थरांत किंवा गरम केलेल्या व्हर्मिक्युलाइटच्या (हलक्या, फुगीर खनिजाच्या) डब्यात ठेवून हळू निवू द्या. याने मणी त्या क्षणी फुटत नाही, एवढंच. याला निववणं म्हणत नाहीत. असे मणी जमवा आणि एखाद्या कुंभारकामाच्या स्टुडिओत डिजिटल भट्टी असेल तर त्यांच्याकडून एकत्र भाजून घ्या. खोलीच्या तापमानापासून ५१५ अंशांपर्यंत चार-पाच तासांत चढवा, तासभर थांबा, मग वर सांगितल्याप्रमाणे उतरवा. विकायचा किंवा भेट द्यायचा मणी याशिवाय देऊ नये. दुसऱ्याच्या गळ्यात जाणाऱ्या वस्तूबद्दल मी यात सूट देत नाही.

ताण गेला की नाही हे पारदर्शक मण्यात घरी बघता येतं. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा. पोलरॉइड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून ती अशी फिरवा की पडदा काळा दिसेल. आता पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये मणी धरा. मण्यात उजळ पट्टे किंवा रंगाची वलयं चमकली तर ताण आहे. नीट निववलेल्या मण्यात तशी चमक जवळजवळ दिसत नाही. अपारदर्शक मण्याला ही परीक्षा लागू पडत नाही, म्हणून प्रत्येक भट्टीत एक साधा पारदर्शक मणी घाला आणि तो तपासा.

सळईवरून काढताना

पूर्ण गार झालेले मणी सळईसकट अर्धा तास पाण्यात बुडवा. सळई पकडीत धरा, मणी हाताने फिरवा. अडला तर झटका देऊ नका, अजून भिजू द्या. आतला लेप बारीक डायमंड रीमरने, म्हणजे भोक घासायच्या कानशीने, किंवा ब्रशने पाण्याखाली, ओला ठेवून घासा. कोरडा घासला तर त्याची धूळ फुप्फुसात जाते. भोकातून आरपार बघा, भिंत काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. लेप उरला तर घामाने आणि तेलाने तो मळकट होतो.

मणी सळईवरून निघतच नसेल तर लेप पातळ होता किंवा जास्त तापला. तापवताना मणी सळईवर सुटून फिरू लागला तर लेप मोडला आहे. असा मणी वाचवायचा प्रयत्न करू नका, पाण्याच्या बादलीत टाका. काचेत बारीक बुडबुडे दिसले तर कांडीवर धूळ होती किंवा काच उकळली. मण्यावर काजळी बसली तर तो पिवळ्या ज्योतीत गेला होता.

टॉर्च नसेल तर

काच हवी पण ज्योत नको, असा मार्ग घानामधल्या क्रोबो लोकांचा आहे. ते बाटल्यांची काच कुटून तिची पूड करतात, आतून चिनी मातीचा लेप दिलेल्या मातीच्या साच्यातल्या खळग्यात भरतात, मध्ये कसाव्याच्या पानाचं देठ उभं करतात आणि भट्टीत भाजतात. देठ जळून जातं, भोक राहतं. भट्टी असेल तर हे घरी करून बघण्याजोगं आहे, कारण एका साच्यात एकाच बाटलीची काच वापरली की प्रसरणाचा प्रश्नच येत नाही. काच कुटताना मात्र जाड कापडात गुंडाळून, चष्मा आणि चांगला मास्क लावूनच कुटा.

भट्टीही नसेल तर टेराकोटा. चाळलेली चिकण माती मळून गोळ्या करा, चामड्यासारखी घट्ट झाली की जाड सुईने भोक पाडा, भोकाच्या कडा ओल्या बोटाने गुळगुळीत करा. आठवडाभर सावलीत वाळवा. मग पत्र्याच्या डब्यात भुसा आणि गोळ्या थराथराने भरून गोवऱ्यांच्या आगीत भाजा, अंगणात, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून. धूर कोंडला तर मणी काळे निघतात, हवा मिळाली तर लाल. दोन्ही सुरेख दिसतात. ओल्या गोळ्या भाजल्या तर आतली वाफ त्यांना फोडते, म्हणून वाळवण्यात घाई नको.

ओवणं

काचेचा मणी जड असतो. साध्या शिवणाच्या दोऱ्यावर त्याची माळ करू नका. गळ्यातल्या माळेला रेशमी किंवा मजबूत नायलॉनचा दोरा घ्या आणि दर मण्यानंतर गाठ द्या, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटलीच तर एकच मणी पडतो. पोत गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे एकदा बसून बघा. गाठ मण्याच्या तोंडाशी घट्ट बसवायची त्याची बोटांची हालचाल नुसतं वाचून कळत नाही. जाड सळईवरच्या मोठ्या भोकाच्या मण्यांना गाठ आत निसटते, तिथे दोन्ही बाजूंना छोटा चांदीचा किंवा पितळी मणी टाका.

दाराचं तोरण करायचं असेल तर आडव्या दोरीला जाड सुती दोरा, आणि खाली सोडायच्या लडींना नायलॉन. प्रत्येक लडीच्या शेवटी सगळ्यात जड मणी ठेवा, म्हणजे लड वाऱ्यात गुंतत नाही. लडींमध्ये मण्याच्या जाडीपेक्षा जास्त अंतर सोडा, नाहीतर त्या एकमेकींवर आपटून टवके उडतात. रुखवतात ठेवायची मण्यांची महिरप किंवा समईभोवतीचं कडं सपाट टेकायला हवं, त्यासाठी ग्राफाइटच्या पाटीवर हलके दाबलेले चपटे मणी वेगळे करून ठेवा. एका आकाराचे मणी एका दिवसात, एकाच काचेतून करून घेतलेत तर रंगही जुळतो आणि तोंडंही सारखी बसतात.

धुताना कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ओलं तोरण दोऱ्याने टांगून वाळवा, उन्हात सपाट पसरून नाही. दोरा ज्या मण्याशी आधी पांढुरका आणि पिंजलेला दिसेल, तो मणी काढून तोंडाशी पुन्हा ओल्या रीमरने घासा आणि मगच परत ओवा.